खर्ची पडलेले

लंडनहून ब्रॅकनेलला जावयाचे म्हणजे वॉटर्लू स्टेशनावर रेडिंगकडे जाणारी गाडी धरावी लागते. ज्या लढाईत नेपोलियनचा कायमचा पाडाव झाला तिच्यावरून थेम्सवरील एका पुलाला नाव पडले, पुलावरून स्टेशनाला पडले, आणि आता दररोज हजारो माणसे हातात कॉफीचा पेला घेऊन, त्या नावाचा अर्थ क्षणभरही मनात न आणता, आपापल्या कचेऱ्या गाठण्यासाठी तेथून धावत असतात. काही स्मारकांची शेवटची गत बहुधा हीच होते, की ती पत्ता होऊन बसतात. मी मात्र आयुष्यभर मोडी कागदांचे रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात घालविलेला माणूस. नावाच्या मुळाशी गेल्यावाचून मला चैन पडत नाही, आणि त्यामुळे तासाभराच्या त्या प्रवासात, खिडकीबाहेर नोव्हेंबरातला पिवळा-तांबडा पानगळीचा देखावा सरकत असताना, माझ्या डोक्यात मात्र १८१५ सालची पायदळे चालत होती.

ब्रॅकनेल हे बर्कशर परगण्यातील गाव. पूर्वी ते एक लहानसे खेडे होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनची घरे बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा तेथील लोकांना राहावयास जागा हवी म्हणून १९४६ च्या कायद्यान्वये सरकारने जी नवी नगरे वसविली त्यांत १९४९ साली या गावाची नेमणूक झाली. अर्थात हे गाव युद्धाचेच अपत्य आहे, परंतु अपत्याच्या चेहऱ्यावर बापाची खूण शोधूनही सापडत नाही. नीटनेटक्या वसाहती, प्रत्येक वसाहतीला आपली शाळा आणि आपली चार दुकाने, आणि रस्त्यांवर इतकी वर्तुळाकार वळणे, की स्टेशनावरून घरी जाताना माझ्या भाचीचा नवरा मोटार घेऊन सारखा प्रदक्षिणाच घालतो आहे असे मला वाटू लागले. कोणत्या देवाला, ते विचारण्याचा मोह मी आवरला.

माझी भाची ज्या घरात राहते ती वसाहतही अशीच नवी आहे. तिच्या जागी १९४५ पासून १९९७ पर्यंत ब्रिटिश विमानदलाचे स्टाफ कॉलेज होते. मोहिमांचे नकाशे कसे आखावेत आणि फौजेचा पुरवठा कसा राखावा हे अर्धे शतक जेथे शिकविले गेले, तेथे आज मुले सायकली फिरवितात आणि माझी भाची तुळशीचे रोप थंडीने जाऊ नये म्हणून ते सायंकाळी आत घेते. आसपासच्या कंपन्यांतून संगणकाचे काम करणारी मराठी घरे येथे थोडी नाहीत. दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या पेटीतून बहिणीने दिलेल्या अनारशांचा डबा निघाला, आणि त्याच मेजावर, डब्याशेजारी, एक लाल कागदी फूल टाचणीसकट पडलेले होते. ते पहिल्या महायुद्धातल्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवणाऱ्या रानफुलाचे प्रतीक. आपल्या अनारशावरील खसखशीच्याच कुळातले, परंतु निराळ्या जातीचे. १९२१ पासून ब्रिटिश लीजन नावाची माजी सैनिकांची संस्था ही फुले विकून जखमी शिपायांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या पोटापाण्याची तजवीज करीत आली आहे.

फूल माझ्या नातीचे होते. भाचीची ही मुलगी तेरा वर्षांची आहे. मराठी नीट बोलते, केवळ क्रियापदाशी पोहोचण्यापूर्वी जरा थांबते. तिच्या वर्गात त्या आठवड्यात वादविवाद ठरला होता, आणि विषय असा, की युद्धात पडलेल्या सैनिकांवर कविता रचल्याने आणि त्यांचे स्मरणविधी केल्याने पुढच्या युद्धांना उत्तेजन मिळते काय. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या.

“आबा, माझी बाजू ‘हो मिळतं’ अशी आहे,” ती म्हणाली. “मला खरं तसं वाटत नाही, पण चिठ्ठी तशी आली. तुम्ही जुने कागद वाचता ना? मग मला पुरावे द्या.”

पुरावे मागितले की माझ्यासारख्याला नाही म्हणणे कठीण. पुढचे चार दिवस मी ब्रॅकनेल आणि भोवतालची गावे पाहिली ती या वकिलीच्या निमित्ताने.

पहिला दिवस स्मरण-रविवारचा. नोव्हेंबरातील दुसऱ्या रविवारी, अकरा वाजता, इंग्लंडातील बहुतेक प्रत्येक गावात हा विधी होतो. आम्ही जुन्या वस्तीतील एका चर्चच्या आवारात जाऊन उभे राहिलो. गवत भिजलेले, हवा बोचरी. बालवीरांनी आपली निशाणे जमिनीला टेकेपर्यंत लववली, बिगूल वाजला, आणि दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. ही स्तब्धता १९१९ सालच्या ११ नोव्हेंबरास पंचम जॉर्ज बादशहाच्या आवाहनावरून प्रथम पाळली गेली. दोन मिनिटे म्हणजे फार नव्हेत असे आपण म्हणतो. शंभर-दीडशे माणसे एकत्र उभी राहून ती पाळू लागली म्हणजे त्यांची लांबी कळते. दूरच्या वळणावरील मोटारींचा आवाज, हीथ्रोकडे उतरणारे एक विमान, एका तान्ह्या मुलाचे कुरकुरणे आणि त्याला थोपटणाऱ्या हाताचा अंगरख्यावरील आवाज, एवढेच ऐकू येत होते. माझ्या पुढे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या कोटावर पदके होती, परंतु उजव्या बाजूला. जावयाने मागाहून सांगितले, की स्वतः मिळविलेले पदक डाव्या बाजूस लावतात आणि बापाचे, आज्याचे, भावाचे असले तर उजव्या. म्हणजे ते गृहस्थ कोणा दुसऱ्याची छाती आपल्या छातीवर घेऊन उभे होते.

त्यानंतर नावे वाचली गेली. हुद्दा नाही, पराक्रम नाही, अकारविल्ह्याने नुसती नावे. एकच आडनाव तीनदा आले. भाऊ असतील, चुलतभाऊ असतील. वाचणारा तेथे थांबला नाही, पण ऐकणारे थांबले असावेत, कारण एवढ्या वेळात न हललेली माणसे तेथे किंचित हलली. मग धर्मगुरूंनी लॉरेन्स बिन्यनच्या कवितेतील एक कडवे म्हटले आणि शेवटचे शब्द जमावाने एका सुरात उच्चारले.

या बिन्यनबद्दल मराठी वाचकाला थोडी आस्था असावयास हरकत नाही. तो ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य चित्रांचा जाणकार अधिकारी होता. १९१५ साली लेडी हेरिंगहॅमने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यात अजिंठ्याच्या कलेवर त्याचा निबंध आहे. ज्या कवितेने त्याचे नाव अमर झाले ती मात्र ‘टाइम्स’ पत्रात २१ सप्टेंबर १९१४ रोजी छापली गेली. इंग्लंडला महायुद्धात उतरून तेव्हा सात आठवडेही पुरे झाले नव्हते. आज तिच्या शब्दांनी ज्यांचे स्मरण होते ती बहुतेक माणसे ती कविता प्रसिद्ध झाली त्या दिवशी जिवंत होती, आणि पुष्कळांनी तर सैन्यात नावही नोंदविले नव्हते. श्राद्धाचे मंत्र आधी तयार व्हावेत आणि पितर मागाहून, असा हा प्रकार. नातीने हा मुद्दा वहीत उतरून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा त्या लाल फुलातच होता. जॉन मक्री हा कॅनडाच्या फौजेतील डॉक्टर. मे १९१५ मध्ये आपल्या एका मित्राला पुरल्यानंतर त्याने जी कविता लिहिली तिच्यामुळे हे फूल जगभर गेले. कवितेचा पूर्वार्ध शोकाचा आहे, आणि उत्तरार्धात मेलेले जिवंतांना बजावतात, की आमचे वैर तुम्ही पुढे चालवा, न चालवाल तर आम्हांस झोप यावयाची नाही. कॅनडात युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठी तिचा सर्रास उपयोग झाला. शोक खरा होता याबद्दल मला शंका नाही. परंतु मेलेल्याच्या तोंडी शब्द घालणे हे फार जोखमीचे काम आहे, कारण त्याला ‘मी असे म्हटले नव्हते’ अशी तक्रार करावयास कचेरी उरलेली नसते. त्या वर्षीच्या ईस्टरला सेंट पॉलच्या व्यासपीठावरून रूपर्ट ब्रुकची, परदेशात मातीस मिळणाऱ्या शिपायाबद्दलची कविता वाचली गेली, आणि त्याच महिन्यात तो गॅलिपोलीच्या वाटेवर वारला. गोळीने नव्हे, रक्तदोषाने. तरीही तो तरुणांचा आदर्श वीर ठरला. ही दुसरी नोंद.

पण मग १९३३ साली सहकारी चळवळीतील बायकांच्या संघाने जी पांढरी फुले विकावयास काढली ती कोणाची? त्यांत नवरे आणि मुले गमावलेल्या बायका होत्या. स्मरण आम्हांसही हवे, पण लष्करी थाट नको, असे त्यांचे म्हणणे. पुरावा उलट बाजूचा होता म्हणून नातीने तो लिहून घेतला नाही. वकिलाचे गुण तिच्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी ईस्टहॅम्पस्टेडच्या चर्चला गेलो. हे पूर्वी स्वतंत्र खेडे. आता ब्रॅकनेलने त्याला पोटात घेतले आहे. चर्चच्या खिडक्यांवर बर्न-जोन्सने रेखाटलेली रंगीत काच आहे आणि ती पाहण्यास लोक येतात. मी मात्र एलायजा फेंटन या कवीच्या स्मृतिलेखासाठी गेलो होतो. तो १७३० साली येथे वारला. लेख अलेक्झांडर पोपने रचलेला असून होमरच्या ‘ओडिसी’च्या भाषांतरात फेंटन हा पोपचा मदतनीस होता. पोपचे बालपण शेजारच्या बिनफील्ड गावात गेले. आणि होमरचे भाषांतर हाती घे असा आग्रह त्याला ज्यांनी केला त्यांतले एक, सर विल्यम ट्रंबुल, याच ईस्टहॅम्पस्टेडचे. म्हणजे इंग्रजीतले एक थोर ‘इलियड’ जन्मास आले त्याची एक नाळ या भिजक्या गवतात पुरलेली आहे.

‘इलियड’ म्हणजे युद्धात पडलेल्यांचे आद्य स्मारकच म्हणावयाचे. होमर सहसा कोणाला बेनामी मरू देत नाही. भाला लागून पडणारा शिपाई कितीही क्षुद्र असो, त्याच्या बापाचे नाव, त्याचे गाव, त्याच्या घरची मेंढरे, काही ना काही सांगितल्याखेरीज तो त्याला बहुधा मातीत जाऊ देत नाही. आणि तरीही हेच काव्य अलेक्झांडर कट्यारीसोबत उशाखाली ठेवून निजत असे, असे प्लूटार्क सांगतो, आणि त्या उशीवरून उठून तो कोठवर आला हे आपल्या पंजाबास ठाऊक आहे. आपल्याकडेही निराळे नाही. उद्योगपर्वात कुंती कृष्णाबरोबर आपल्या मुलांना निरोप धाडते तेव्हा विदुलेची कथा सांगते. पराभूत होऊन अंथरुणावर पडलेल्या मुलाला आईने निर्भर्त्सना करून पुन्हा रणात लोटल्याची ती कथा, आणि तिचे नावच ‘जय’. काव्याने युद्धाला चेतविल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. परंतु त्याच ग्रंथात पुढे स्त्रीपर्व आहे, जेथे गांधारी रणभूमीवर एकेका प्रेतापाशी जाऊन त्याचे नाव घेते आणि शेवटी कृष्णालाच शाप देते. विदुला हवी असलेला राजा स्त्रीपर्व उघडतच नाही. त्याला व्यासांनी काय करावे?

तिसरा दिवस क्रोथॉर्नचा. ब्रॅकनेलच्या नैर्ऋत्येस तीन-चार मैलांवर, पाइन वृक्षांच्या रानात, वेलिंग्टन कॉलेज ही निवासी शाळा आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८५२ साली वारला तेव्हा त्याचे राष्ट्रीय स्मारक म्हणून पुतळा न उभारता लोकवर्गणीतून ही शाळा काढावी असे ठरले, आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांसाठी ती १८५९ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडली गेली. तांबड्या विटांची ती भव्य इमारत मी फाटकाबाहेरूनच पाहिली. मैदानावर मुले चिखलात चेंडू खेळत होती, आणि त्यांच्या ओरडण्यात लष्करी असे काहीही नव्हते.

येथे मला माझे जुने कागद आठवले. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस सरकारातून जी नेमणूक मिळे तिला बालपरवेशी म्हणत. कोणत्या लढाईत पडला, मागे कोण, किती वयाचे, सालीना किती द्यावे, एवढा कोरडा मजकूर. वेलिंग्टन कॉलेज म्हणजे इंग्रजांची बालपरवेशीच. त्या करुणेबद्दल मी वाकडे बोलणार नाही. पण करुणेचा परिणाम पाहावा. ज्याचा बाप फौजेत होता आणि वारला असा क्लॉड ऑकिन्लेक नावाचा मुलगा या शाळेत सवलतीवर शिकला, येथून काही मैलांवरील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात गेला, हिंदुस्थानी फौजेत आला, आणि अखंड हिंदुस्थानचा शेवटचा सरसेनापती झाला. तो दीर्घायुषी निघाला. पहिल्या महायुद्धात या एका शाळेचे सातशेच्या घरात माजी विद्यार्थी पडले. एका सेनापतीचे स्मारक, त्यात पडलेल्या अधिकाऱ्यांची मुले, त्या मुलांचे पुन्हा अधिकारी, आणि त्यांच्या नावांचे पुन्हा स्मारक. रहाटगाडग्याचे पोहरे भरावेत आणि रिते व्हावेत तसे हे चाललेले दिसते. नातीच्या बाजूला मिळालेला हा मला सर्वांत वजनदार पुरावा वाटतो, आणि तो कवितेचा नसून विटांचा आहे.

परंतु फाटकाशी उभा असताना मी केवळ इंग्रजांचा विचार करीत नव्हतो. ज्याचे हे स्मारक, तो नावारूपास आला तो आमच्या मुलखात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावापाशी त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. त्याचे स्वतःचे दीड हजारांहून अधिक लोक मेले अथवा जखमी झाले, आणि पुढे म्हातारपणी, सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असे कोणी पुसले तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफेच्या दांडीशीच संगिनींनी भोसकले गेले, आणि ज्यांना मेले समजून इंग्रज पुढे गेले त्यांतले काही उठून पुन्हा बत्ती देऊ लागले. असे इमान इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवले. आम्ही काय ठेवले? जालना जिल्ह्यातील त्या गावावरून मी दोनदा गेलो आहे, आणि दोन्ही वेळा मोटारीतल्या मंडळींत असई म्हणजे काय हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. त्या गोलंदाजांवर माझ्या माहितीत पोवाडा नाही, वीरगळ नाही, शाळा नाही, दोन मिनिटेही नाहीत. स्मरणाने युद्धे होत असतील तर विस्मरणाने ती टळावयास हवी होती. चौदा वर्षांनी, १८१७ साली, पुन्हा युद्ध झालेच, आणि त्यात राज्य गेले.

हा मुद्दा मी नातीस दिला नाही. तो तिच्या प्रतिपक्षाचा होता.

सँडहर्स्टच्या आत परक्यास सहज जाता येत नाही, आणि मी तशी खटपटही केली नाही. मला तेथली एकच गोष्ट सांगावयाची आहे. देशासाठी मरणे गोड आणि शोभून दिसणारे असते अशा अर्थाची रोमन कवी होरेसची एक ओळ त्या विद्यालयाच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर १९१३ साली कोरली गेली. नेमक्या त्याच सुमारास, ऑक्टोबर १९११ पासून फेब्रुवारी १९१३ पर्यंत, ब्रॅकनेलपासून बारा-पंधरा मैलांवर, रेडिंगजवळच्या डन्स्डेन खेड्यात, विल्फ्रेड ओवेन नावाचा, विशीही न गाठलेला मुलगा धर्मगुरूचा बिनपगारी मदतनीस म्हणून राहत होता. गरिबांच्या झोपड्यांतून फिरे, कीट्ससारख्या कविता लिहू पाही. पुढे खंदकात विषारी वायूने गुदमरणारा सोबती त्याने पाहिला, आणि होरेसची तीच ओळ शीर्षकास घेऊन, तिला जुने खोटेपण म्हणणारी कविता लिहिली. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी तो मारला गेला. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हाती पडली ती ११ तारखेस, श्रूजबरी गावात युद्धबंदीच्या आनंदाच्या घंटा वाजत असताना. त्याच आईने दोन वर्षांनी रवींद्रनाथांस पत्र लिहून कळविले, की शेवटच्या निरोपाच्या वेळी मुलाने जे शब्द उच्चारले होते ते ‘गीतांजली’तले होते.

मेलेल्यांवरील कवितेवरच आळ घ्यावयाचा तर ओवेनचे काय करणार? त्याचे सगळे काव्य मेलेल्यांवर आहे. जो फरक मला या चार दिवसांत दिसला तो मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दफ्तरात एक नावाचा रकाना असतो आणि एक शेऱ्याचा. चर्चच्या आवारात त्या सकाळी केवळ नावाचा रकाना वाचला गेला आणि कोणाचेही हात शिवशिवले नाहीत. सँडहर्स्टच्या भिंतीवर केवळ शेरा कोरला आहे, आणि त्याखाली कोणाचेही नाव बसविता येते. लोकांना रणात नेणारा असेल तर तो शेरा. कुसुमाग्रजांनी प्रतापराव गुजरांसह सात वीरांवर जी कविता लिहिली तिच्यात, १६७४ च्या नेसरीच्या त्या झेपेला लष्करी शहाणपण म्हटलेले नाही, हे तिचे थोरपण मला नेहमी वाटत आले आहे; टेनिसनने बालाक्लाव्हाच्या घोडेस्वारांवर लिहिताना हुकूम चुकला होता हे लपविले नाही तसेच. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात ती गीते म्हटली जातात तेव्हा चूक गळून जाते आणि टापांचा आवाज तेवढा उरतो, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे.

ब्रॅकनेलच्या खुद्द हद्दीत राहून गेलेला कवी म्हणजे शेली. १८१३ च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डातून काढून टाकलेला, वीस वर्षांचा हा तरुण बायको आणि तान्ह्या मुलीसह येथे ‘हाय एल्म्स’ नावाच्या घरात येऊन राहिला. त्याच वर्षी त्याने ‘क्वीन मॅब’ हे काव्य खासगी रीतीने, अडीचशे प्रतींत छापून घेतले होते, कारण राजे, धर्मगुरू आणि मुत्सद्दी हेच युद्धाचे मूळ असे त्यात उघड म्हटले होते आणि खटल्याची धास्ती होती. मी त्या घराची चौकशी केली; ज्यांना विचारले त्यांनी मला मोठ्या आदबीने नव्या बाजारपेठेची वाट दाखविली. शेलीच्या काव्यानंतर दोनच वर्षांनी वॉटर्लू झाले. युद्धाविरुद्ध लिहिलेल्या कवितेने युद्ध थांबत नाही, तर युद्धाची कविता एकटीने ते सुरू करील एवढे सामर्थ्य तिच्यात कोठून येणार? खजिना, मुलूख, भीती आणि मानापमान ही तिच्याहून जुनी आणि बळकट कारणे आहेत. कविता त्यांच्यापुढे वाजणारा शिंग-कर्णा फार तर होते.

चौथ्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता. नातीची वही भरली होती, तरी ती म्हणाली, “आबा, हे सगळे पुरावे इकडचेच झाले. आपल्याकडचे?”

मी तिला सांगितले, की आपल्या बखरींत आणि पत्रांत लढाईत मेला असे क्वचित लिहितात. ‘कामास आला’ म्हणतात, आणि पुष्कळ मेले असले तर ‘खर्ची पडले’. ‘खर्ची’चा अर्थ तिला कळेना, तेव्हा तिची आई म्हणाली, “अगं, खर्च. जमाखर्चातला.” पानिपताची बातमी पेशव्यांस ज्या सांकेतिक पत्राने कळली असे सांगतात त्याचेही मी वर्णन केले. विश्वासराव आणि भाऊसाहेब त्यात मोती झाले आहेत, सरदार मोहरा झाले आहेत, आणि बाकीचे हजारो शिपाई म्हणजे सुटी नाणी, खुर्दा, ज्याची मोजदादच नाही. आमच्या भाषेने मेलेल्यांचे फार गोडवे गाऊन त्यांचा अपमान केला असे नाही. त्यांना नाण्यांत धरून केला. ज्याला फौज हवी असते त्याला नावे नको असतात. त्याला आकडा पुरतो.

मग बसऱ्याचे सांगितले. पहिल्या महायुद्धात सातारा, रत्नागिरी, कुलाबा येथली पोरे मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेली. सहाव्या पुणे डिव्हिजनला कूत येथे १४७ दिवसांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शस्त्रे ठेवली. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरींचा जो महकमा १९१७ साली निघाला त्याचा शिरस्ता असा, की मेलेल्यांत हुद्द्याने भेद करावयाचा नाही, सर्वांस सारखा दगड आणि सारखे नाव. पण बसऱ्यास १९२९ साली जे स्मारक झाले त्यात गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, आणि साधे हिंदी शिपाई त्या त्या पलटणीखाली केवळ संख्येने मांडलेले आहेत. सुमारे ३३,००० माणसे अशी आकड्यांत गेली. त्या महकम्याच्या वारस आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून कबूल केले, की साम्राज्याच्या फौजांतील, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती, अशा निदान १,१६,००० जणांची नावे कोरली गेली नाहीत, अथवा त्यांचे स्मरणच झाले नाही. नात बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “आपल्या गावचं कोणी होतं?”

आमच्या गावच्या चावडीत एक लहान संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या सातारा जिल्ह्यात पुष्कळ गावांत आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असे इंग्रजीत कोरलेले. आकडे दोन, नाव एकही नाही. शेजारच्या अपशिंग्यास, ज्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, एका गावाचे ४६ जण त्या युद्धात कामास आले.

“मामा, गावी फोन लावा ना,” भाची म्हणाली. “दादांना विचारा. त्यांना ठाऊक असेल.”

आमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले असतील. माझा चुलतभाऊ जागा होता. पाटीवरचे आकडे त्याला तोंडपाठ नव्हते, कारण पाटीपुढे आता कागदपत्रांचे कपाट ठेवले आहे. नावांविषयी विचारले तेव्हा तो हसला. “नावं कुठली रे? म्हातारी माणसं होती तोवर सांगायची. आता ते एक बसऱ्याचं घर म्हणतात तेवढं आहे, मारुतीच्या मागं. कोण गेला होता बसऱ्याला, ते त्या घरातल्यांनाही ठाऊक नाही. पण नाव पडलंय. रेशनकार्डावरसुद्धा कारकुनानं तसंच लिहिलंय म्हणतात.”

फोन ठेवल्यावर मी ते नातीस सांगितले. तिने वहीत ‘बसऱ्याचं घर’ असे लिहिले, ‘ऱ्या’ कसा काढावयाचा ते आईस विचारून, आणि पेन्सिल ओठांशी धरून माझ्याकडे पाहत राहिली.

“आबा, पण हा पुरावा कोणत्या बाजूचा धरायचा?”

“मारुतीच्या मागल्या,” मी म्हणालो. ती हसली नाही. भाचीने जेवावयास हाक मारली, आणि नातीने फुलाची टाचणी त्या पानावर टोचून वही मिटली.